चौथं नोजल

ताईचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. "तुये भाऊजी गेले," एवढंच म्हणाली, आणि लगेच पुढं, "सुमेधले तूच फोन कर, माह्या हातानं नंबर लागून नाही राह्यला." मनोहर भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सुमेधचे वडील. खुर्चीत बसून चहा मागितला आणि कप हातात यायच्या आत गेले. मी पोचले तर अंगणात त्यांची गाडी बोनेट उघडं टाकून उभी. टपावर पाने-पक्कड, हत्यारांच्या पेटीवर काजळीनं माखलेल्या चिंध्या. माणूस आत निजलाय आणि त्याचं काम बाहेर तसंच पडलंय... मला रडू नंतर आलं, आधी त्यांचा रागच आला. असं अर्ध्यातून उठून कुणी जातं?

गुण सांगायला बसले तर लोक म्हणतील, मेहुणी आहे, सांगणारच. म्हणून आधी अवगुण सांगते. भाऊजी तापट होते. पाटबंधारे खात्यात उभा जन्म काढला, किरनापूरच्या बाजूला कालव्यांवर राहिले, आणि पाण्याच्या आवाजावर बोलून बोलून त्यांचा आवाज कायमचा वर चढला तो चढलाच. घरात साधं मीठ मागितलं तरी शेजारी दचकायचे. ताईशी रोज भांडण. भाजी जाड चिरली म्हणून, पंखा चालू राहिला म्हणून, काहीच नसलं तर कालचं उकरून. चहाला उकळी येईपर्यंत थांबायचा धीर नाही, गॅसपाशी उभे राहून "झाला का, झाला का" चालू. असा माणूस, पण गाडीचं बोनेट उघडलं की बाप्पा! जणू दुसराच कुणी. आवाज खाली, हात सावकाश. लोखंडासमोर जेवढी सबुरी दाखवली तिच्या चार आणे आमच्या ताईला दाखवली असती तर... असो.

गाडी डिझेलची, जुनी, खात्याच्या लिलावातून घेतलेली. तिचं दुखणं एकच होतं, नोजल. नोजल म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा सोडणारा भाग, बोटापेक्षा जाड आणि वीतभर लांब. वरून क्लॅम्पनं दाबलेला असतो, क्लॅम्प काढला की सहज निघायला हवा. पण जुन्या इंजिनात भोवती काजळी धरते आणि तो आत असा बसतो की वेल्डिंग केल्यासारखा. जोर लावून ओढला तर मोडतो. तुकडा आत राहिला की अख्खं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवा, आणि एवढ्या जुन्या गाडीचं हेड उतरवण्यापेक्षा लोक गाडीच भंगारात देतात. हे मला भाऊजींनी इतक्या वेळा ऐकवलंय की शाळेत शिकवलेला भूगोल विसरेन, हे नाही विसरायची.

परसवाड्याला माझ्या पुतणीच्या लग्नाला निघालो होतो. मी, ताई, सुमेध लहान, सगळे नटूनथटून. रस्त्यात गाडी काळा धूर सोडायला लागली, चढावर दमच धरेना. भाऊजींनी बाजूला घेतली, बोनेट उघडलं, कान लावला. दुसरं नोजल खराब. डिक्कीत नवीन होतं, पण जुनं निघेल तेव्हा ना! मी ओरडले, "भाऊजी, ओढा ना त्याले! तिकडं लग्नाची वंदना सुरू झाली असन."

"ओढाचं नसते, मास्तरीन," ते म्हणाले. मी शिक्षिका, म्हणून त्यांच्या तोंडी मी कायमची मास्तरीन. "इंजनच ढकलते त्याले भायेर. आपन काहून ताकद लावाची?"

आणि त्यांनी काय केलं, तर क्लॅम्पचा बोल्ट जरासा ढिला केला आणि गाडी तशीच सुरू करून चालवली! फटाक-फटाक असा आवाज, बोनेटच्या फटीतून धूर, रस्त्यावरची माणसं सायकली थांबवून बघताहेत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण थोडं पुढं जाऊन उतरलो तर नोजल इंजिनाच्याच जोरानं सुटून वर आलेलं. दोन बोटांनी काढलं, नवीन बसवलं. वाकून बघायच्या नादात माझ्या जरीच्या पदरावर काजळीचे शिंतोडे उडाले, आणि लग्नात जो तो विचारत होता, "मॅडम, रेल्वेच्या इंजनात बसून आल्या का?" लग्न हुकलं, पंगत मिळाली. परतताना भाऊजी अख्खा रस्ता स्वतःवरच खूश.

मग त्यांचा गुडघा गेला, ऑपरेशन झालं, आणि गाडी दोन पावसाळे अंगणात उभी राहिली. इंजिन सुरूच होईना. म्हणजे ती फटाक-फटाकवाली युक्ती बाद. यंदा त्यांनी चारही नोजलं काढायचं मनावर घेतलं. नोजलच्या कडेनं तेल सोडायचं, मुरू द्यायचं, मग पाना लावून केसभर उजवीकडं, केसभर डावीकडं. हाललं तर ठीक, नाही तर पुन्हा तेल. तीन नोजलं अशी निघाली. चौथं अडून बसलं, आणि त्यातच भाऊजी गेले.

पुण्यानुमोदन झालं. भन्ते आले, त्रिशरण-पंचशील झालं, खात्यातली जुनी माणसं उठून बोलली. दुसऱ्या दिवशी सुमेधनं भंगारवाल्याला बोलावलं. मी त्याला दोष देत नाही. नागपुरात नोकरी, आमचा मुलूख हिंदी राज्यातला, शाळा हिंदीतली, त्यामुळं त्याच्या मराठीत हिंदी मिसळते. बापाशी त्याचं गाडीवरून कधी जमलं नाही. अंत्यविधीत पोरगं दगडासारखं उभं होतं, डोळ्यांत टिपूस नाही. भंगारवाला ट्रॉली घेऊन फाटकात आला आणि ताई ओट्यावरून उठली.

"गाडी नाही द्याची."

"आई, कौन चलाएगा इसको? चौथा तो अंदरच आहे. टूट गया तो पूरा हेड जाएगा."

ताईनं ट्रॉलीकडं पाठ केली. मग मला म्हणाली, सुमेधला नाही, "घरी तं आमचं नुसतं भांडनच झालं वं. गाडीत मी कधी भांडली नाही. चालवतानी त्याइचं ध्यान नोको हटाले म्हनून. गाडीत बसलं का थे बी साजरे बोलत. आमचा संसार जो काही झाला, थो या गाडीत झाला."

 तिथं दोघींनी रडून भागणार नव्हतं. मीच ठरवून टाकलं: चौथं नोजल आज काढायचं. अख्खं निघालं तर गाडी राहील, आणि चालवायला मी आहे, माझे हातपाय अजून धड आहेत. मोडलं तर ट्रॉलीवर चढवायची, मग कुणी चकार शब्द काढायचा नाही. ताई म्हणाली, "हौ." भंगारवाला बिचारा फाटकाच्या कट्ट्यावर टेकला.

सुमेधनं कुठून तरी पुलर मागवून ठेवला होता, ओढून काढायचं हत्यार. मी तो हातातून काढून घेतला. "ओढाचं नाही," म्हटलं. त्यानं पाना लावला. नाही हाललं. मी लावला. दातओठ खाल्ले, नाही हाललं. मला खात्री होती, खरंच होती, तरी पाना मी खाली ठेवला. ताई पुढं झाली. "सरका," म्हणाली. भाऊजी गाडी खोलत तेव्हा उजेडासाठी बॅटरी धरायला कायम हीच असायची, आणि गाडी उभी म्हणून धरता धरता भांडायचीही. तिनं पाना लावला, डोळे मिटले. केसभर उजवीकडं. थांबली. केसभर डावीकडं. पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच... कच्च असा बारीक आवाज आला. ताईनं डोळे उघडले नाहीत, फिरवतच राहिली, आणि नोजल तिच्या हातात वर आलं. अख्खं.

सुमेधनं ते हातात घेतलं, उलटं केलं. पार टोकापर्यंत ओलं होतं. त्यानं बोट लावून बघितलं. "मावशी, तेल तुम्ही टाकलं?"

"नाही रे. मी कशाला?"

"मैंने भी नहीं डाला।"

"त्याइनं टाकलं," ताई म्हणाली. "रोज टाकत. त्या दिवशी बी सकाळी टाकून आले, हात पुसले, अन् म्हने, आता सुटते पाहा थे, उद्याले निघते. मंग चहा मांगतला."

इतके दिवस ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. सुमेध ते ओलं नोजल धरून उभा होता. बघता बघता त्याचा चेहरा वाकडा झाला, आणि पोरगं बोनेटच्या कडेवर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागलं. मी त्याच्याकडं धावले. ताई जागची हालली नाही.

"रड, बाप्पा, रड," ती म्हणाली. "पन पयले त्या भोकावर चिंधी टाक. कचरा जाईन आत."

त्यानं चिंधी टाकली, नीट दाबून बसवली, आणि मग पुन्हा रडला.