हातांच्या बोलण्याला लिमिट

नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत पहिला टेलिफोन आला तो मल्हारी पगारे यांच्या घरी, आणि हे ते कुणाला विसरू देत नसत. नंबर लावल्यावर वर्षानुवर्षं वाट पाहिली, तेव्हा कुठे ब्याण्णव साली फोन दारात आला. त्यांनी पेढे वाटले. आमच्या सगळ्या गल्लीचे बरेवाईट निरोप त्याच फोनवर येत, आणि मल्हारीभाऊ कौतुकाने हाका मारत फिरत. त्यांच्या घरातल्या एका माणसाला मात्र त्या फोनचा काडीचा उपयोग नव्हता. त्यांचा मुलगा संघर्ष याला जन्मापासून ऐकू येत नाही.

संघर्ष आणि त्याची आई, चांगुणावहिनी, यांची हातांची भाषा घरातच जमून आली. गालावर दोन बोटं ओढली की विंचूरची मावशी, मनगट चोळलं की शाळेतल्या बाई. पुढे तो मूकबधिरांच्या शाळेतून रीतसर खुणा शिकला, त्याही वहिनींनी उचलल्या. मल्हारीभाऊंचं शिकणं नोटा छापायच्या प्रेसमधल्या नोकरीच्या पाळ्यांमध्ये राहून गेलं. एक वाक्य जुळवायला त्यांना इतका वेळ लागे, की वहिनी मध्येच हात घालून ते पुरं करून टाकत.

दोन हजार आठ साली संघर्षला बंगळुरूत कॉम्प्युटरवर नकाशे काढायची नोकरी लागली. भाऊ तोवर रिटायर झाले होते. त्यांनी फोनच्याच लाइनीवर ब्रॉडबँड घेतलं, कॅमेरा बसवला. मोबाईलवर पोराचे निरोप येत, पण निरोप म्हणजे काही बोलणं नव्हे. कॅमेऱ्यासमोर वहिनींचे हात सुरू झाले की बघत राहावंसं वाटे.

पहिलंच बिल आलं आणि भाऊ मट्कन खाली बसले. मी शेजारी, शिवाय भांडखोर म्हणून प्रसिद्ध, तेव्हा टेलिफोनच्या ऑफिसात मला बरोबर नेलं. काउंटरवर भाऊंनी गळा काढला, की आमच्या घरात कोणी एक शब्द बोललेलं नाही, मग वापर झालाच कसा? समोरचा माणूस हसला, त्यावर मी त्याला झापलं. पण चूक आमचीच निघाली. फोनचं बिल बोलण्याचं येतं, हे पगारे मंडळींच्या डोक्यात पक्कं. इथे बोलायचा प्रश्नच नाही, माइकसुद्धा काढून ठेवलेला. म्हणून वहिनी संध्याकाळभर कॅमेरा चालू ठेवून भाकरी थापत आणि पोरगा तिकडून बघत बसे. इंटरनेटला महिन्याचं ठरलेलं लिमिट होतं, त्यापुढे जादा पैसे, आणि ते लिमिट खात होतं ते चित्र.

त्यानंतर घरात रेशन सुरू झालं. लिमिट महिन्याच्या मध्यातच तळाला जाई, मग उरलेले दिवस घाईघाईचे. कसा आहेस, जेवलास का, ताप उतरला का, झालं, बंद. ऐकू येणारी माणसं फोनवर तासभर लोणच्याच्या गप्पा मारतात, आणि यांनी हात आवरते घ्यायचे. मला आजही त्याचा संताप येतो. या काटकसरीत भाऊंची पाळी कधी आलीच नाही. त्यांच्या एका वाक्यात वहिनींची दहा झाली असती, म्हणून ते मागे खुर्चीत बसून फक्त बघत.

केबलवाला भिकन तेव्हा नवीन इंटरनेट विकत फिरत होता, कितीही वापरा, दर एकच. मी भाऊंच्या मागे लागलो, बदला. ते ऐकेनात. दोन्हींचं भाडं पेन्शनीत बसत नव्हतं, म्हणजे फोन परत करावा लागणार. आणि भिकनची केबल तर मांजर चालून गेलं तरी बंद पडते, असं त्यांचं म्हणणं. खरं दुखणं वेगळं होतं. तो नंबर म्हणजे त्यांची इभ्रत होती.

एके संध्याकाळी मी तिथेच होतो. वहिनी आवरतं घेत होत्या, तेवढ्यात संघर्षने काहीतरी विचारलं. त्यांचे हात थांबले. भाऊंनी विचारलं, काय म्हणतोय? त्या सांगेनात. खोदून विचारल्यावर मान खाली घालून म्हणाल्या, "ईचारतोय, बाबांना माझ्याशी बोलायचं नसतं का?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ फोन पिशवीत घालून स्वतःच ऑफिसात परत करून आले. भिकनने वायर ओढली. स्पीड काही डोळे दिपवणारा नव्हता, पण हात स्पष्ट दिसत होते.

त्या संध्याकाळी वहिनींनी मुद्दाम खुर्ची सोडली. भाऊ पुढे बसले. फोन परत केल्याचं सांगायला लागले, चुकले, खोडल्यासारखा हात हवेत फिरवला, पुन्हा पहिल्यापासून. कपाळावर घाम. सवयीने त्यांची नजर घड्याळाकडे गेली आणि बोटं आणखीच गुंतली. मदतीसाठी ते वहिनींकडे वळले, तर त्या जागच्या हलल्या नाहीत. तेवढ्यात पडद्यावर संघर्षने दोन्ही तळवे सावकाश खाली आणले आणि काहीतरी सांगितलं.

"काय म्हणतो?" भाऊंनी विचारलं.

"हळू सांगा म्हणतोय. मी कुठं जात नाय."

भाऊंनी मोठा श्वास सोडला. घड्याळाकडे पाठ होईल अशी खुर्ची वळवून घेतली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.