तळघराची तपासणी

"तळघर कुठंय?" जीपमधून उतरताच जिल्हा ऑफिसच्या मॅडमनी पहिला प्रश्न हा केला.

मी सोलापुरातल्या मुलींच्या बालगृहाची अधीक्षिका. ज्यांना घरचं कुणी नाही, किंवा असून नसल्यासारखं, त्या मुली इथं राहतात. आमच्या इमारतीला धड गच्ची नाही, तळघर कुठून आणू?

मॅडमनी कागद पुढं केला. अक्षर आठवीतल्या सुनीताचं. जेवण : पातळ पेज. अंथरूण : तिघांत एक. शिक्षा : तळघरात कोंडणे. वरिष्ठांच्या भेटी : येतात, चहा पितात, जातात.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाचन उपक्रमात प्रत्येक मुलीनं एका पुस्तकावर अभिप्राय लिहून ऑफिसला पाठवायचा होता. मी फॉर्म मागितला, तर ऑफिसनं बालगृह तपासणीचा पाठवला. त्यांच्याकडं छापलेला तेवढाच होता. सुनीतानं मग कादंबरीतल्या अनाथालयाचीच तपासणी करून टाकली.

"मॅडम, ही गोष्टीतली पोरं आहेत. तीही विलायतेतली."

"असतील. पण कागद इनवर्ड झालाय."

इनवर्ड म्हणजे ऑफिसच्या रजिस्टरात नंबर पडणं. नंबर पडला की मजकूर खरा.

जिन्याखाली बघितलं. कोठीतली ज्वारीची पोती हलवली. मला हसू येत नव्हतं, संताप येत होता. बाथरूमच्या दाराला कडी नाही, म्हणून मी तीन अर्ज केले होते. मोठ्या मुली आंघोळीला जाताना रडकुंडीला यायच्या. त्यासाठी जीप आली नव्हती.

तळघर काही सापडेना. मॅडम दमल्या, दोन कप चहा घेतला, मग बाथरूम विचारलं. थोड्या वेळानं आतून हाक आली, "अहो, दार धरा कुणीतरी!"

सुनीता धावली. सवयीनं दोन्ही हातांनी दार धरून उभी राहिली.

"कडी कुठंय गं?"

"न्हाय की मॅडम. आमी जोडीनंच जातो. एकीनं दार धरायचं."

"रोज?"

"व्हय."



बाहेर येताच मॅडमनी ड्रायव्हरला नवी पेठेत पिटाळलं. तासाभरात कडी बसली. मुलींनी ती कितीतरी वेळा लावून काढून बघितली. अहवालात मॅडमनी लिहिलं, "तळघर आढळले नाही. तक्रार निकाली." कडीचा उल्लेख नाही.

जुन्या कादंबऱ्यांत शेवटच्या प्रकरणात कुणी श्रीमंत काका उगवतो आणि अनाथ पोरांचं कल्याण करतो. आमच्याकडं काका नाही. तेव्हापासून तपासणीला कुणीही येवो, मी चहाचा दुसरा कप पाजल्याशिवाय सोडत नाही.