दुर्बिणीनं निघाली असती ती गाठ

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. वहिनीला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? — ठाऊक नाही.

माझा दादा ऊर्जानगरच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला होता. बाबा लवकर गेले. मला त्यानंच शिकवलं, चंद्रपूरच्या शाळेत मास्तरीण केलं. त्याच्या छातीत कायम जळजळ. जेवला की आंबट पाणी घशाशी यायचं, उशा रचून अर्धवट बसूनच झोपायचा. आम्ही हसायचो त्याला. कोणाला वाटणार होतं?

शेवटी मीच मागे लागून त्याला नागपूरला नेलं. डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं, तपासायला एक तुकडा काढून घेतला. निकाल आला त्या दिवशी दादा ड्यूटीवर होता. मी एकटीच गेले.

डॉक्टरांनी समोर बसवून नीट समजावलं. वर्षानुवर्षं आम्ल वर येऊन अन्ननलिकेचा खालचा भाग बिघडलाय. तिथं लहानशी गाठ आहे — कॅन्सरची. पण अजून वरवरची आहे. हैदराबादला अशी गाठ दुर्बिणीतूनच काढतात, छाती चिरावी लागत नाही. "पण आत्ताच जा," ते म्हणाले. "थांबू नका."

यात न कळण्यासारखं काय होतं? सगळं कळलं मला.

आणि परतीच्या बसमध्ये मी माझ्या लग्नाचा विचार करत होते. गडचिरोलीचं स्थळ ठरलं होतं. आधीची दोन मोडलेली. मुलीच्या घरात कॅन्सर आहे म्हटल्यावर ते लोक थांबले असते? तो शब्द तेव्हा आमच्याकडे कोणी मोठ्यानं उच्चारतही नव्हतं. वरोरा येईपर्यंत माझं ठरलं होतं.

दादा दारातच उभा. "काय म्हनलं वं डॉक्टरनं?"

"काई नाई दादा. पित्त आहे. गोळ्या घ्याच्या, तिखट कमी कराचं."

तो हसला — इतका मोकळा! "पाय, मी म्हनत नव्हतो? उगाच घाबरवून राह्यली होती मले."

लग्न झालं की सांगू, असं मी ठरवलं होतं. लग्न झालं. दादा मांडवभर वाढत फिरला. मग वाटलं, दिवाळी होऊ दे. गोळ्यांनी त्याची जळजळ थांबली होती, तो बरा दिसत होता. आता सांगितलं तर विचारेल — तेव्हा काऊन नाई सांगतलं? त्या एका प्रश्नाला मी भ्याले. दुसरं काहीच कारण नव्हतं.

पुढच्या वर्षी त्याच्या घशाखाली भाकर उतरेना. वहिनी त्याला त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेली; मीही गेले. गाठ पसरली होती, यकृतापर्यंत. आता दुर्बिणीचं काम राहिलं नव्हतं, ऑपरेशनचंही नाही. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या बहिणीला मी तेव्हाच सांगितलं होतं."

दादानं माझ्याकडे पाहिलं. "काय वं सुनी? सांगतलं होतं काय यायनं?"

"नाई दादा," मी म्हटलं. "काहीच नाई सांगतलं."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. दादा कसाबसा उठला. "माही बहीण खोटं बोलत नाई साहेब," तो म्हणाला. वहिनी त्यांना नको नको ते बोलली. आणि मी? मी तिला आवरलंही नाही.

दादा पेजेवर राहिला, मग पेजही उतरेना. मी रजा टाकून त्याच्या उशाशी बसले. तेव्हा तरी सांगता आलं असतं — कितीतरी दुपारी खोलीत आम्ही दोघंच असायचो. तो माझा हात धरून म्हणायचा, "तू होती म्हनून, सुनी." मी हात काढून घेतला नाही. तो गेला तोवर नाही.

वहिनी अजून त्या डॉक्टरांना शिव्याशाप देते. मी शेजारी बसून ऐकते. कधी कधी मानही डोलावते.