मामाचा पाय परातीत

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. भाचीचा हात मामाच्या पायाला लागला, तर पाप मामाला. रामदासपेठेतल्या दवाखान्यात मी सोनोग्राफी करायला लागले तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं, पण कुहीकडच्या खेड्यात राहणाऱ्या माझ्या मामाचं हे काही बदललं नव्हतं.

त्याच्या डाव्या पायात, बोटांच्या मागच्या गादीत, काहीतरी सलत होतं. मामीनं बिब्ब्याचा चटका दिला, वरची कातडी काळी पडून मिटली. एक्स-रे कोरा आला. सर्जन म्हणाले, "दिसल्याशिवाय कुठं कापू?" असंच राहिलं तर यंदा धानाच्या रोवणीला मामा चिखलात उभा राहणार नव्हता, आणि घरी बसलेला मामा मला बघवला नसता.

एक्स-रेत न दिसणारा काटा सोनोग्राफीत दिसू शकतो, हे मी वाचलं होतं. करून पाहिलं नव्हतं. आमचं मशीन बायकांची पोटंच बघायचं. तरी मामाला दवाखान्यात बोलावून घेतलं.

"मामा, पाय दे इकडे."

"हट्! तुले पाय लावू? काहून मले नरकात धाडून राहिली वं?"

अस्सा राग आला मला! तणतणत परात आणली, कोमट पाणी ओतलं. "बुडव पाय. नाही लावत हात." एरवी पोटावर फिरवायच्या प्रोबला रबरी हातमोजा चढवला आणि पाण्यात पायापासून बोटभर लांब धरला. गंमत म्हणजे, मधल्या पाण्यामुळेच चित्र स्वच्छ आलं. दोन हाडांच्या मध्ये बारीक पांढरी रेघ.

"काटा आहे गा मामा!"

तो पडद्याकडे बघतच नव्हता. परातीकडे बघत होता. माझ्या लग्नात अशाच परातीत त्यानं माझे पाय धुतले होते. "उलटंच झालं न बाई," म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले.

आता सर्जनसाठी कातडीवर शाईची खूण करायची होती. पाय हातात घेतल्याशिवाय ते कसं जमणार? मी न विचारता दोन्ही हात पाण्यात घातले. मामानं पाय आखडला, मग हळूच सैल सोडला. त्या भेगाळलेल्या टाचेचं वजन हातात आलं आणि मला रडूच फुटलं, डॉक्टर असून, भर दवाखान्यात.

त्या खुणेवरच दुसऱ्या दिवशी काटा निघाला, मामा रोवणीलाही उभा राहिला. पण ते नंतरचं. तेव्हा मी खाली बसून पदरानं त्याचा पाय पुसत होते, आणि वरून आवाज आला,

"लागलंच न आता पाप? तं नीट पूस. बोटायच्या मधात ओलं राहिलं."