दोऱ्यावाचून धरलेला मणी

प्रयोगशाळेत त्याला सगळे 'अलगद' म्हणत. दार लावा अलगद, खुर्ची सरकवा अलगद, शिंक आलीच तर बाहेर जाऊन शिंका. दिवसभर त्याचं हेच तुणतुणं. कामच तसं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याचा थेंब, थेंबात धुळीच्या कणाहून बारीक काचेचा मणी, आणि त्याला नुसत्या लेझरच्या उजेडानं धरून हवं तिकडे न्यायचं. उजेडाचा जोर तो किती असणार? टेबलाला जरा धक्का लागला की मणी निसटला, सकाळची मेहनत पाण्यात.

हे ऐकून ताई हसून हसून बेजार झाली. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं, लोकांच्या कपड्यांवर मणीकाम करून.

"आमचा जन्म गेला मणी ओवण्यात, आणि तू म्हणे दोऱ्यावाचून धरतोस. एकदा दाखव की मला."

"दाखवतो ना. एवढं काम हातावेगळं होऊ दे."

त्याचं काम कधी हातावेगळं झालंय? शेवटी एकदा ती आपणहून आली. आत मणी धरलेला होता. दार उघडलं तर तो जाणार, म्हणून यानं काचेतूनच 'थांब' अशी खूण केली आणि विसरला. बाकावर बसून बसून ती घरी गेली. रागावलीसुद्धा नाही. रागावली असती तर हा वेळीच शुद्धीवर आला असता.

पुढे तिची नजर अधू होत गेली. "समोर नुसता धूर दिसतो रे," म्हणाली, तेव्हा कुठे याची धावपळ सुरू झाली. पण डॉक्टरांनी हात टेकले. मग एका सुट्टीच्या दिवशी तो तिला हाताला धरून घेऊन आला. मणी पकडला, पडद्यावर मोठा केला आणि घाईघाईनं तिची खुर्ची पुढे ओढली. खुर्ची टेबलाला आपटली.

पडद्यावर नुसतं उजळ पाणी उरलं. तो काही बोलणार, तेवढ्यात ताई म्हणाली, "दिसला रे. मधोमध थरथरतोय, नाही का?"

इतकी वर्षं कुणासाठी जपत होता तो हे मणी?

"हो, ताई," तो म्हणाला. "आता बघ, डावीकडे नेतो."

त्यानं रिकामा उजेड डावीकडे सरकवला. ताईनं मान डावीकडे वळवली.