मायचा ट्रॅक

माय गाऊन उठली आणि मॅडमनी माइक पुसला.

आधी रुमालावर सॅनिटायझर घेतलं. मग माइकची जाळी पुसली. माइकपुढची गोल कापडी चाळण पुसली. स्टँडचा दांडाही पुसला, जिथे मायनं हातसुद्धा लावला नव्हता. मग म्हणाल्या, "हं, ये रेवती."

माइक माझा होता. लग्नाच्या व्हिडिओंची गाणी करून करून घेतलेला. मीच तो लॅपटॉपसोबत दप्तरात घालून त्यांच्या बंगल्यात नेला होता. माझ्या माइकवरून माझ्या मायचा श्वास पुसला जात होता आणि मी बघत होते. माय घडीची साडी नेसून आली होती. ती भिंतीशी जाऊन उभी राहिली, खाली मान घालून.

मॅडमना माझी नजर कळली असावी. म्हणाल्या, "तसं काही मनात आणू नकोस गं. स्वच्छता आपली. सर्दीपडसं असतं कुणाला."

मायला सर्दी नव्हती. रेवतीला होती. गाणं थांबवून थांबवून ती शिंकत होती. तिच्यानंतर मायला परत बसायचं होतं, एक कडवं राहिलं होतं. मी वाट पाहिली. आता रुमाल निघेल, आता निघेल. नाही निघाला.

मॅडम म्हणजे बुलढाण्यातल्या एका महिला मंडळाच्या अध्यक्ष. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. रेवती त्यांची मुलगी. पुण्याला राहते, गाणं शिकलेली आहे. मंडळाला भुलाबाईच्या गाण्यांचा अल्बम काढायचा होता, म्हणून आम्ही मायलेकी तिथे होतो.

भुलाबाईची गाणी आमच्याकडे नुसती गाऊन संपत नाहीत. भादव्याच्या पौर्णिमेला मातीचे भुलाबाई-भुलोजी मांडतात. कोजागिरीपर्यंत पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर गातात. गाणी झाली की घरची बाई डबा वाजवते आणि विचारते, ओळखा खिरापत. ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही, खाल्ल्याशिवाय कुणी उठत नाही. मायला वाटलं, गाणी भुलाबाईची, तर खिरापत हवीच. रेकॉर्डिंग असलं म्हणून काय झालं. तिनं ज्वारीच्या लाह्या गुळात घोळून नेल्या होत्या.

तिनं डबा वाजवला. "वळखा बरं, काय आनलं मी?"

रेवती हसून म्हणाली, "चिवडा?"

मॅडम म्हणाल्या, "ठेवा ना तिकडे ओट्यावर. बघतो नंतर."

निघताना त्यांच्या कामवाल्या बाईनं डबा परत आणून दिला. जड होता. फडक्याची गाठ मायनं मारली होती तशीच होती.

देऊळघाटच्या काळीपिवळी जीपमध्ये मायनं ती गाठ सोडली. शेजारच्या अनोळखी बाईपुढं डबा वाजवला, ओळखायला लावलं. बाईनं ओळखलं नाही, पण खाल्लं. मागच्या सीटवरच्या लोकांनीही हात पुढं केले. माय हसत होती. मी दात आवळून बसले होते.

"माय, त्यायनं माइक काऊन पुसला?"

"पुसला त पुसला. तू खाय."

मी खाल्लं नाही.

आमचं घर देऊळघाटला, गावाच्या खालच्या अंगाला. नळाचं पाणी आमच्या वस्तीत सगळ्यात शेवटी येतं आणि सगळ्यात आधी जातं. माय लोकांच्या शेतात सोयाबीन सोंगते, कापूस वेचते. आणि गाते. लग्न असलं की हळदीची गाणी म्हणायला मोठ्या घरांतून बोलावणं येतं. गाणं मांडवाच्या आत पोचलं पाहिजे, बाई मांडवाच्या बाहेर बसली पाहिजे, असा तिथला कायदा. जेवण शेवटच्या पंगतीत. मी लहानपणापासून तिच्यासोबत त्या पंगतीत बसले आहे.

गाण्यांचं सॉफ्टवेअर मी मोबाइलवर बघून बघून शिकले. लॅपटॉप जुना घेतला. लोखंडी पलंग उभा केला, त्यावर गोधड्या टाकल्या, झाला स्टुडिओ. शेजारची पिठाची गिरणी बंद असते तेवढ्यात रेकॉर्डिंग उरकायचं. प्लगिन म्हणजे त्या सॉफ्टवेअरला जोडायची बारकी अवजारं. एकानं आवाजातली घरघर काढायची, एकानं लहानमोठा आवाज सारखा करायचा, एकानं सूर सरकवायचा. सगळं जुळलं की शेवटचा हात फिरवतात. त्याला मास्टरिंग म्हणतात. मग ते गाणं चांगल्या स्पीकरवरही वाजतं आणि ऑटोतल्या फुटक्या स्पीकरवरही.

मॅडमच्या नात्यातल्या एका लग्नाच्या व्हिडिओला मी असाच हात फिरवला होता. हळदीच्या वेळचं मायचं गाणं त्यात ठेवलं होतं. मॅडमचा फोन आला, "हा आवाज कुणाचा गं? किती अस्सल आहे!"

माझ्या मायचा, मी म्हणाले. माझा ऊर भरून आला होता, खोटं कशाला बोलू. माय तर वस्तीभर सांगत फिरली, "माहा आवाज येऊन राह्यला आता मोबाइलात."

तर रेकॉर्डिंग झालं, माइक पुसून झाला, आम्ही घरी आलो. आणि मॅडमचा फोन आला.

"हे बघ, तुझ्या आईचे ट्रॅक आपण गाईड म्हणून घेतले होते. गाणार रेवतीच. तिचा सूर जिथे हलला असेल तिथे आईच्या सुरावर बसवून घे. मग आईचा ट्रॅक म्यूट कर."

"गाईड?"

"म्हणजे वाट दाखवायला गं. तुला माहीत असेलच."

मला माहीत होतं. खरा गायक येईपर्यंत कुणाकडून तरी गाणं कच्चं गाऊन घेतात. त्याच्यावर बेतून खरा गायक गातो. काम झालं की कच्चा आवाज बंद करतात. पण गाईड गाणाऱ्याला ते आधी सांगतात. मायला कुणी सांगितलं नव्हतं. माय डोळे मिटून, जीव लावून गायली होती.

मॅडम पुढं म्हणाल्या, "कोरसमध्ये आईला बारीक ठेव. गावरान रंग येतो. नावाचं काही नको, पारंपरिकच आहेत सगळी."

सगळी नव्हती. एक गाणं मायचं होतं. तिनं केलेलं. मी पोटात होते तेव्हा माय हिवरा आश्रम गावाकडच्या तिच्या माहेरी निघाली होती. चिखलीच्या फाट्यावर दिवसभर उभी राहिली. गाड्या भरून आल्या, भरून गेल्या. संध्याकाळी ती परत सासरी आली. त्या वर्षीच्या भुलाबाईत तिनं गाणं म्हटलं:

चिखलीच्या फाट्यावर उभी मी राह्यली
माहेरची गाडी बाई भरून निघून गेली

वस्तीतल्या पोरींनी ते उचललं. मग वरच्या आळीतल्या पोरींनी उचललं. आता गावभर म्हणतात. गावभर म्हणतात म्हणून ते पारंपरिक? करणारी बाई जिवंत आहे. समोर बसून भाकरी थापते आहे.

तरी मी कामाला बसले. काम घेतलं होतं. पडद्यावर वर मायचा आवाज, खाली रेवतीचा. सूर सरकवायच्या अवजारात एकेक सूर ठोकळ्यासारखा दिसतो. 'राह्यली' म्हणताना माय वरून खाली घसरत येते, रडू गिळल्यासारखी. रेवतीचा ठोकळा तिथे सरळ होता. रेवती वाईट गात नाही. ती फाट्यावर उभी राहिली नव्हती, एवढंच. मी माउसनं तिचा ठोकळा धरला, ओढला, मायच्या घसरणीवर नेऊन बसवला. मायचा ट्रॅक म्यूट केला. वाजवून पाहिलं.

रेवतीच्या गळ्यातून माझ्या मायचं रडू आलं.

माय मागं येऊन उभी होती. हाताला पीठ. ऐकत होती. म्हणाली, "चांगली गाते पोरगी." मग म्हणाली, "माहं कधी वाजन?"

"तुहं नाही वाजत, माय. तुहं बंद कराले सांगतलं त्यायनं."

ती हाताचं पीठ चोळत राहिली.

"काऊन? मी चुकली का कुठं?"

माइक पुसला तेव्हा मला राग आला होता. हा प्रश्न ऐकला आणि मला स्वतःची, आमच्या अख्ख्या जगण्याची शिसारी आली. माणसाला पुसून टाकायचं, आणि वर त्यालाच वाटायला लावायचं की आपलंच काहीतरी चुकलं. हे किती पिढ्या चाललंय. शेवटच्या पंगतीत बसलेली माझी आजीही हेच म्हणत असणार, मी चुकली का कुठं.

"तू नाही चुकली," मी म्हणाले. "मी नाही करत हे."

मायच घाबरली. "जाऊ दे वो. पान्यात राहून माशासंग वैर नाही करू. लग्नाचे कामं त्यायच्याच ओळखीनं येतात तुले."

खरं होतं ते. मला ठाऊक होतं. मी मायचा ट्रॅक परत चालू केला. रेवतीचे ओढलेले ठोकळे जिथले तिथे नेऊन ठेवले. मायच्या गाण्यावर मायचाच आवाज ठेवला आणि शेवटचा हात फिरवला, एखाद्या मोठ्या गायिकेच्या गाण्यावर फिरवावा तसा. मनापासून.

ठरल्या दिवशी बंगल्यावर मंडळाच्या बायका गाणी ऐकायला जमल्या होत्या. मी त्यांच्या मोठ्या स्पीकरला लॅपटॉप जोडला आणि पहिलं तेच गाणं लावलं. मॅडम कौतुकानं मान डोलवायच्या तयारीत बसल्या होत्या. चिखलीच्या फाट्यावर माय उभी राहिली आणि त्यांची मान थांबली.

"रेवती कुठंय?"

मी आजवर मॅडमशी पुस्तकातलं मराठी बोलत आले होते. त्या दिवशी बोलले नाही. "रेवतीताईचे गाणे पुढं हायेत. जसे गायले तसे. हे गाणं मायचं हाय. तिनं केलं, मायच गाईन."

"अगं, लोकांपुढे न्यायचं तर आवाज घासूनपुसून लागतो."

"घासून झाला. पुसत नाही मी."

मग मॅडम मऊ झाल्या. मऊ झालेल्या मॅडमची मला जास्त भीती वाटली. "तुझ्या आईचा आपण सत्कार करू की. कोजागिरीला, स्टेजवर. साडी देऊ छान."

"साडी नाही पाहिजे. नाव लिवा. गानारी म्हणून आन् गाणं करनारी म्हणून बी."

एक बाई म्हणाली, "पण तिनंच केलं याला पुरावा काय?"

माझं डोकं फिरलं. "सात पिढ्याच्या गाण्याले पुरावा नाही मागत तुम्ही. माह्या मायलेच मागता. गाणं पाहिजे, माय नाही पाहिजे, हे सांगा ना सरळ. ताकाले येऊन भांडं काऊन लपवता?"

रेवती हळूच म्हणाली, "आई, नाव द्यायला काय हरकत आहे?"

"तू मधे बोलू नकोस." मॅडमचा आवाज आता शाळेतला झाला होता. "फायली इथे ठेव आणि जा. माझ्या बंगल्यात रेकॉर्डिंग झालंय."

"बंगला तुमचा. गळा मायचा."

मी रेवतीच्या फायली पेनड्राइव्हवर दिल्या. मायच्या दिल्या नाहीत. वायर गुंडाळली, दप्तर भरलं आणि त्यांच्या पुढच्या दारानं बाहेर आले.

यात जिंकल्यासारखं काही नाही. कोजागिरीला कार्यक्रम झाला. ते गाणंही झालं. रेवतीनं नव्यानं गायलं, मागं पुण्याचे वाजवणारे होते. मग त्याचा व्हिडिओ मोबाइलवर आला, खाली लिहिलं होतं पारंपरिक. आयत्या बिळावर नागोबा. मी त्याखाली लिहिलं की हे माझ्या मायनं केलेलं गाणं आहे. कुणीतरी ते काढून टाकलं. मी परत लिहिलं. परत काढलं. लग्नाच्या व्हिडिओवाल्यांचे फोन कमी झाले, मग बंदच झाले. माय बोलून दाखवत नाही, पण तिला ते कळतं. मलाही कळतं आणि रात्रंदिवस टोचतं.

पण माझी काम करायची रीत मी बदलली. आता कुणीही गोधडीआड बसलं की आधी नाव सांगायचं. माइकमध्ये. मग गाणं कुणाचं ते सांगायचं. मग गायचं.

पहिल्यांदा मायलाच बसवलं. ती म्हणाली, "नाव कशाले? सारे वळखतात मले." वळखतात, पण अमक्याची बायको, तमकीची माय म्हणून. तिनं तोंडावर पदर घेतला, हसली, घसा साफ केला. स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडानं घ्यायला तिला वेळ लागला. मग म्हणाली, "मी सुभद्रा. हे गाणं मी केलं." आणि लगेच गायला लागली. मी ते तसंच ठेवलं. तिचं नाव आणि गाण्याची पहिली ओळ यांच्यात श्वासाएवढीही जागा सोडली नाही. ज्याला नाव नको असेल त्यानं आपल्या हातानं कापावं.

वस्तीतल्या बायका आता आपणहून येतात. काही गाणी त्यांच्या आयांची, काही सासवांची, काही कुणाची ते ठाऊक नाही. ठाऊक नसलं तर त्या तसंच सांगतात.

परवा मॅडमचा फोन आला. आवाज पहिल्यासारखा गोड. "झालं गेलं विसरून जाऊ. तुमच्या वस्तीतल्या बायकांची हळदीची गाणी हवी होती. गाईड म्हणूनच."

"गाईड नाही भेटणार. बाया गातील, नावासकट. नावासकट पाहिजे असन त सांगा."

"तू फार चढलीस गं."

"हाव, चढली," मी म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला. त्या ओळखीचं कुठलंच काम आता परत येणार नाही, हे मला तेव्हाच कळलं. न येवो. भाकरीपुरतं मी सोयाबीन सोंगीन. पण माझ्या हातानं यापुढं कुणाची माय म्यूट होणार नाही.