कल्ल्यांचा झुपका

काल डोकेदुखीसाठी बामची डबी उघडली आणि मेंथॉलच्या वासासरशी मी तंजावूरच्या त्या प्रयोगशाळेत जाऊन पोहोचले.

शाळेतील नोकरी संपल्यावर मी संशोधनाकडे वळले होते. माझ्या मार्गदर्शिका वयाने माझ्याहून बऱ्याच लहान होत्या. समोरच्या काचेच्या बशीत, मेंथॉल घातलेल्या समुद्राच्या पाण्यात, बिनशंखाची एक सागरी गोगलगाय होती, जांभळ्या अंगाची आणि केशरी किनारीची. ही जात नवी असावी, असा आम्हां दोघींचा तर्क होता. नमुना मात्र एकच. मेंथॉलने पुरती सुन्न होण्याआधी ती जतनासाठी स्पिरिटमध्ये गेली असती, तर पाठीवरचे कल्ले आत ओढून तिचा गोळा झाला असता आणि वर्णन करण्याजोगे काहीच उरले नसते.

“अक्का, झोपली की नाही तुमची महाराणी? माझी कुंभकोणमची बस जाईल हो,” स्पिरिटची बाटली उघडत मॅडम म्हणाल्या.

मी कुंचल्याच्या टोकाने कल्ल्यांना स्पर्श केला. झुपका किंचित आखडला.

“अजून नाही, मॅडम.”

“मला तर मेलेलीच दिसते.”

“नाही. थांबावे लागेल.” त्यांना विरोध करण्याची ती माझी पहिलीच वेळ होती.

त्या थांबल्या. बऱ्याच वेळाने पुन्हा स्पर्श केला, तेव्हा कल्ले उघडेच राहिले. मी “आता” म्हणाले.

नमुना वाचला, एवढेच तेव्हा मनात आले. आज जाणवते, की आम्हांला ठाऊक असलेल्या त्या जातीच्या एकमेव जिवाला माझा स्पर्श कळेनासा होण्याचीच मी इतक्या आतुरतेने वाट पाहत होते.